चाळीस दारं

५ ऑक्टोबर, सोमवार

पाणी गुडघ्याच्या वर गेलं तेव्हा साहेब काठावरून ओरडले, "बाई, अजून किती?"

"सोळा मीटर."

"चिखल आहे का?"

"या की. बघा."

साहेबांना पोहता येत नाही. मोजमापाच्या फितीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं माझ्या. मी कपडे खोचून तलावातल्या बेटाकडे चालले होते आणि नऊ बदकं माझ्याकडे बघत होती.

रंध्या, चार वर्षांत तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र आणि ते असं सुरू होतंय. आधी चार कागद फाडले. चारही 'कसा आहेस' म्हणून सुरू झाले होते. ते विचारायचा मला हक्क आहे का, इथे येऊन पेन अडायचं. म्हणून तलावापासून सुरुवात केली.

आमच्या नगरपालिकेत एक नियम आहे. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी मोकळ्या जागेवर निवारे उभारायला परवानगी आहे. सहा वर्षांपासून आहे. फक्त जागा शाळेपासून तीनशे मीटर लांब हवी, दवाखान्यापासून दोनशे, राहत्या घरापासून दीडशे. भोवती अडीच मीटर उंच भिंत. माणसाने सकाळी सातला बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सहाला परत यायचं. चौदा रात्री झाल्या की जागा सोडायची. कुत्रं चालणार नाही. नवरा एका रांगेत, बायको दुसऱ्या. सहा वर्षांत एकही निवारा झालेला नाही. का झाला नाही ते शोधायचं काम साहेबांकडे आलं, म्हणजे माझ्याकडे आलं.

मी शहराचा नकाशा टेबलावर पसरला आणि कंपास घेतला. प्रत्येक शाळेभोवती वर्तुळ, प्रत्येक दवाखान्याभोवती, प्रत्येक घराभोवती. चार दिवस. नकाशा माशाच्या खवल्यांसारखा दिसायला लागला. पांढरा तुकडा एकच उरला, नखाएवढा. तलावातलं बेट.

साहेबांनी चष्मा पुसला. "तपासा, बाई."

"तीनदा तपासलंय."

"मग स्थळपाहणी करावी लागेल."

ती आज केली. बेट अकरा मीटर लांब, सात रुंद. वर बदकांसाठी कुणीतरी लाकडी घर बांधलंय. अहवालात मी लिहिलं: नियमात बसणारी जागा, एक. सध्याचे रहिवासी, बदकं नऊ. बांधकाम विनापरवाना. परत आले तेव्हा माझ्या घोट्याला जळू लागली होती. ती काढायला साहेब रुमाल घेऊन वाकले, आणि रक्त बघून तेच खाली बसले.

हे पत्र वाचनालयात ठेवतेय. तिथल्या बाईंनी मागच्या आठवड्यात मला विचारलं, तुमच्यासारखंच नाक असलेला एक माणूस रोज खिडकीजवळ पेपर वाचतो, तो तुमचा कोण? मी म्हटलं, धाकटा भाऊ. त्या म्हणाल्या, पत्र देईन, पण तो ते वाचतो की नाही ते सांगणार नाही. वाचनालयात कोण काय वाचतं ते गुप्त असतं.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी रुळांजवळच्या झोपड्या हटवल्या तेव्हा नोटिशीला नकाशा जोडला होता. त्याच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती. तू नोटीस फाडलीस आणि नकाशा घडी करून खिशात ठेवलास, असं आमच्या शिपायाने सांगितलं; तू माझा कोण हे त्याला माहीत नव्हतं, वर्णनावरून मी ओळखलं. तू तिथे राहतोस हे मला माहीत नव्हतं. एवढं सांगायचं होतं.

तुझा सुतारकामाचा रंधा माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा पात्याला तेल लावते.

ताई

९ ऑक्टोबर, शुक्रवार

रंध्या,

अहवाल ऐकून नगरपालिकेची समिती हसली. आधी अध्यक्ष हसले, मग सगळे. साहेबांनी अहवाल वाचताना बदकांचा आकडा गाळला नाही, सगळा अहवाल एका सुरात वाचला. तलाव ज्यांच्या वॉर्डात आहे ते सभासद तेवढे हसले नाहीत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या बदकांना कुणी हात लावायचा नाही."

हसणं थांबल्यावर अध्यक्ष म्हणाले, "मग नियम सैल करायला हवेत." हे वाक्य सहा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मी ते वहीत उतरवून घेतलं, तारखेसकट.

आता जागा सुचवली आहे जुन्या बस आगाराची. अर्ध्या आवारावर छप्पर आहे, नळ आहे, दिवे आहेत. चाळीस खोल्या बसतात. खोली म्हणजे लाकडी खोकं, तीन मीटर बाय अडीच, एक खाट, एक खिडकी, एक दार. बदलाची सूचना लोकांपुढे मांडायची, हरकती ऐकायच्या, मग एकवीस तारखेला मतदान. झालं तर नोव्हेंबरच्या अखेरीला दारं उघडतील. नाही झालं तर एक डिसेंबरला गोदामांमागची जागा रिकामी करायची आहे. तुम्ही सगळे आता तिथे आहात हे मला माहीत आहे. ते रिकामं केलं तर तुमच्यासाठी दुसरी जागा कुठेच नसेल, बेट सोडून.

गोदामांमागचा नकाशाही माझ्याकडेच आला. साहेब काल म्हणाले, "बाई, तो नकाशा?"

"पेन्सिलीला टोक नाही, साहेब."

"माझं शार्पनर घ्या."

"ते मीच लपवलंय."

त्यांनी उघडलेला खण बंद केला. मग म्हणाले, "सापडेपर्यंत थांबू." आणि खिडकी लावायला गेले. ती लावलेलीच होती.

आगाराचा आराखडा सोबत ठेवतेय. बघून ठेव. नाही बघितलास तरी चालेल. पाठीमागची बाजू कोरी आहे, तुला कशाला तरी उपयोगी पडेल.

ताई

१४ ऑक्टोबर, बुधवार

रंध्या!

सकाळी वाचनालयाच्या बाईंनी पाकीट पुढे सरकवलं आणि छताकडे बघत राहिल्या. आत माझाच आराखडा. घरी जाऊन उघडायचा ठरवला होता, पण वाचनालयाच्या पायरीवरच उघडला.

चाळीस दारं, आणि चाळिसांपुढे सुताराच्या जाड पेन्सिलीची खूण. दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायला आम्ही पाव वर्तुळ काढतो. मी सगळी वर्तुळं आतल्या बाजूला काढली होती. तू चाळीसही खोडून बाहेर काढलीस. एकसुद्धा सोडलं नाहीस. खाली कोपऱ्यात, माझ्या आद्याक्षरांशेजारी, दोन शब्द: खाट कुठे?

मी पायरीवर बसून मोठ्याने हसले. एका आजोबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, भावाने माझी चूक काढली. ते म्हणाले, मग हसताय काय? मी म्हटलं, चार वर्षांनी काढली.

तुझं बरोबर आहे. दार आत उघडलं तर खाटेला आपटतं. अडीच मीटरच्या खोलीत माणसाने आधी दार उघडायचं, मग खाटेवर चढायचं, मग दार लावायचं, मग खाली उतरायचं. सव्वीस वर्षं नकाशे काढते आणि मला खाट दिसली नाही. का दिसली नाही ते तुला ठाऊक आहे. बाबा म्हणायचे, घराचं दार आत उघडावं, आलेल्या माणसाला एक पाऊल मागे घ्यायला लावू नये. त्यांनी केलेलं एकही दार बाहेर उघडत नव्हतं. माझा हात आपोआप आत वळला. बाबांच्या वेळी खोल्या मोठ्या होत्या.

दुपारी सुधारून नवा आराखडा साहेबांपुढे ठेवला. 

"हे कोणी तपासलं?"

"एका सुताराने."

"आपल्या यादीतला?"

"नाही. पण असायला हवा."

साहेबांनी सही केली. मग मान वर न करता म्हणाले, "त्यांना विचारा, खिडकी बरोबर आहे का."

विचारतेय. खिडकी बरोबर आहे का?

ताई

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

रंध्या,

आज हरकती ऐकल्या. सभागृहात साठ खुर्च्या, माणसं नव्वद. पहिल्या रांगेत आगारासमोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. पांढरे केस, हातात लाकडी पट्टी. पट्टी कशाला आणली ते कुणाला विचारवलं नाही. त्यांचं घर आगारापासून बावीस मीटरवर आहे, मीच मोजलंय. त्या बोलायला उठल्या तेव्हा साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

"माझी सक्त हरकत आहे," त्या म्हणाल्या. "पहिली गोष्ट, भिंत."

"बाई, भिंत तुमच्याच सुरक्षेसाठी आहे," साहेब म्हणाले.

"माझी सुरक्षा माझ्या डोळ्यांत आहे. अडीच मीटर भिंत घातलीत तर पलीकडे काय चाललंय ते मला कळायचं कसं? चाळीस वर्षं वर्ग चालवला. वर्गाला भिंत घालून बाहेर नाही बसले. भिंत रद्द करा. जाळीचं कुंपण घाला, मला आरपार दिसलं पाहिजे."

कारकुनाने लिहून घेतलं.

"दुसरी गोष्ट. सकाळी सातला सगळ्यांना बाहेर काढणार म्हणे. चाळीस माणसं दिवसभर माझ्या फाटकाशी उभी राहणार? मुळीच चालणार नाही. त्यांना दिवसा आतच राहू द्या!"

कारकुनाने तेही लिहून घेतलं.

"तिसरी. चौदा दिवसांनी माणसं बदलणार? मग मी नावं कधी पाठ करायची? एकदा आला तो सहा महिने तरी राहिला पाहिजे. आणि नवरा-बायकोला वेगळ्या रांगेत बसवायची अक्कल कोणाची? शाळेतसुद्धा आम्ही भांडणाऱ्या पोरांनाच वेगळं बसवायचो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. मला हसू आलं की मी कागदाकडे बघते, तुला माहीत आहे. आम्हाला जे बदल हवे होते ते एकेक करून बाईंनी हरकत म्हणून नोंदवले. शेवटी त्या पट्टी उगारून म्हणाल्या, "एवढं करणार असाल तरच माझा विरोध मागे," आणि बसल्या. टाळ्या वाजल्या तेव्हा त्या रागाने मागे वळून बघत होत्या.

कुत्र्याबद्दल साहेबांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "कुत्रं माणसापेक्षा शिस्तीत असतं."

खिडकीबद्दल तू काही कळवलं नाहीस. म्हणजे बरोबर असावी. तू लहानपणापासून चूक असली की बोलतोस, बरोबर असलं की गप्प.

ताई

२० ऑक्टोबर, मंगळवार

रंध्या,

उद्या मतदान आहे. त्याआधी एक गोष्ट लिहायची आहे. उद्या जिंकलो तर ती लिहायला लाज वाटेल आणि हरलो तर धीर होणार नाही.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

रुळांजवळची मोजणी मी केली होती. तेवीस झोपड्या. ताडपत्री, पत्रे, पुठ्ठे. मी एकेक मोजत होते आणि नकाशावर फुली मारत होते. एका झोपडीला दार होतं. ताडपत्रीच्या झोपडीला खरं दार, चौकटीत बसवलेलं, तीन बिजागऱ्यांवर. मधली बिजागरी मधोमध नव्हती, चार बोटं वर होती. बाबा तशीच लावायचे, वजन वर असतं म्हणून. मी दाराला हात लावला. ते आत उघडलं.

आत घडी घातलेली चादर होती. तुझा पांढरा कप होता, कान तुटलेला. तू नव्हतास.

मी दार ओढून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून हळू ओढलं. मग बाजूला उभी राहिले आणि फुली मारली. क्रमांक सतरा. शिपाई माझ्याकडे बघत होता. फुली मारली नसती तर त्याने विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की हा माझा भाऊ आहे. ते माझ्याच्याने झालं नाही. 'नियमच आहे' हे कारण मी नंतर शोधलं.

गॅलरीत रंधा चालवू नकोस, इमारतीचा नियम आहे, असं मी तुला म्हटलं होतं. कारखाना बंद पडून तुझी खोली गेली होती, माझ्याकडे येऊन तुला आठ महिने झाले होते, आणि शेजाऱ्यांनी दोनदा बेल वाजवली होती. तू म्हणालास, "इमारतीला तोंड नाही का? तू का सांगतेस?" आणि रंधा जेवणाच्या टेबलावर ठेवून गेलास. तेव्हा मला वाटलं तू उद्धटपणा केलास. सतरा नंबरची फुली मारताना कळलं, तू साधा प्रश्न विचारला होतास. मी का सांगत होते?

आता तुला माहीत आहे. आराखडा पुन्हा तपासायची इच्छा राहिली नसेल तर मी समजेन.

ताई

२२ ऑक्टोबर, गुरुवार

रंध्या,

मंजूर! अकरा विरुद्ध दहा.

दहा-दहा झाले होते. एक मत राहिलं होतं, तलावाच्या वॉर्डातल्या सभासदांचं. ते सगळा वेळ विरोधात बोलत आले होते. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी साहेबांना विचारलं, "हे नामंजूर झालं, तर नियमात बसणारी जागा कुठली उरते?"

"बेट," साहेब म्हणाले.

"एकच?"

"एकच. आणि ती विचारात घेणं आम्हाला बंधनकारक राहील."

 मग त्यांनी हात वर केला. बदकांमुळे चाळीस माणसांना छप्पर मिळालं, असं उद्या कुणी म्हटलं तर ते खरं आहे, मी साक्षीदार आहे.

भिंत गेली. सकाळी सातचं गेलं. चौदाचे एकशे ऐंशी दिवस झाले, पुढे वाढवता येतील. जोडप्यांना एकत्र खोली. कुत्रं चालेल. घरापासूनचं आणि दवाखान्यापासूनचं अंतर रद्द, शाळेपासूनचं पन्नास मीटर. गोदामांमागची जागा रिकामी करायची नोटीस रद्द झालेली नाही, पण आता तिच्यात एक ओळ वाढली आहे: प्रत्येकाला आधी आगारात जागा देऊन. ती ओळ साहेबांनी हाताने लिहिली. नंतर ते बाहेर गेले, आणि मी खिडकीतून पाहिलं तर पार्किंगमध्ये एकटेच उड्या मारत होते. छोट्या, दोनच. मग टाय सरळ करून आत आले.

शार्पनर त्यांच्या टेबलावर ठेवून दिलं.

तुझ्याकडून काही आलं नाही. मी वाट बघत नाहीये. म्हणजे बघतेय.

ताई

२३ नोव्हेंबर, सोमवार

रंध्या,

महिना झाला. वाचनालयाच्या बाईंना मी काही विचारत नाही, त्या काही सांगत नाहीत. आम्ही दोघी हवापाण्याबद्दल बोलतो.

आगारात खोल्या उभ्या राहिल्या. जमिनीपासून वीतभर उंच, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. नळ दुरुस्त झाला. मुख्याध्यापिका बाईंना देखरेख समितीवर घेतलंय, कारण त्यांना न घेणं शक्य नव्हतं. फाटकाची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्या रोज सकाळी दुर्बीण घेऊन बसतात आणि मला कार्यालयात फोन करतात.

आज म्हणाल्या, "काल दुपारी एक माणूस कुंपणाबाहेर उभा होता. बराच वेळ. बोटाने खोल्या मोजत होता."

"कसा दिसत होता?"

"नाक तुझ्यासारखं."

मी फोन ठेवल्यावर साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, मग हसताय काय?

सोमवारी, तीस तारखेला, फाटक उघडणार आहे. ज्याला राहायचंय त्याने स्वतः येऊन नाव सांगायचं, खोली निवडायची. दुसऱ्या कुणाला नाव देता येत नाही. मी विचारून पाहिलं.

ताई

२८ नोव्हेंबर, शनिवार

रंध्या,

घाईत लिहितेय, वाचनालय एक वाजता बंद होतं.

काल संध्याकाळी दारं बसवून झाली. आज सकाळी साहेब आणि मी बघायला गेलो. पहिलं दार ढकललं, ते आत उघडलं आणि खाटेवर आपटलं. दुसरंही. चाळीसही आत. कंत्राटदाराने पहिला आराखडा वापरला. माझा, तू खोडण्याआधीचा. नवा त्याच्या गाडीच्या सीटखाली घडी केलेला सापडला.

"दहा दिवस लागतील," कंत्राटदार म्हणतो. "माणसं नाहीत."

दहा दिवसांनी म्हणजे एक डिसेंबर उलटून गेला. दारं नीट नसतील तर तपासणी पास होणार नाही, तपासणी नाही तर फाटक उघडणार नाही, आणि गोदामांमागे मंगळवारी गाड्या येतील, नोटिशीतली ती ओळ कागदावरच राहील. साहेब एका खाटेवर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचा तो सुतार..."

मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे, साहेब."

कार्यालयातल्या कुणाला पहिल्यांदा म्हटलं. काही झालं नाही. छप्पर जागेवर राहिलं.

साहेब म्हणाले, "हो, नाकावरून वाटलं होतं." त्यांनी तुला कधी पाहिलं, मला माहीत नाही.

बिजागऱ्या, पट्ट्या, स्क्रू पहिल्या खोलीच्या पायरीवर ठेवलेत. पटाश्या, पेचकस अशी हत्यारंही. फाटकाची किल्ली मुख्याध्यापिका बाईंकडे. कामाची मजुरी नगरपालिका देईल, साहेबांनी पत्रावर सही केलीय. मी उद्या आगारात येणार नाही. मी आले तर तू अर्ध्यावर सोडून जाशील, किंवा मी तुला मधली बिजागरी कुठे लावायची ते सांगेन.

ताई

२९ नोव्हेंबर, रविवार

रंध्या,

हे पत्र पाठवायचं की नाही ते ठरलेलं नाही. पण फोन दर तासाला वाजतोय आणि मला ते कुणाला तरी सांगायचंय.

सकाळी सव्वासात. मुख्याध्यापिका बाई: "एक माणूस फाटकाशी उभा आहे. किल्ली मागतोय. तुझंच नाक. देऊ?"

"द्या."

"पोलिसांना कळवू?"

"नको, बाई. चहा द्या."

आठ. "पहिलं दार उतरवलं."

सव्वाआठ. "बसवलं. बाहेर उघडतंय. मी स्वतः उघडून पाहिलं. मला म्हणाला, बाई, मध्ये उभ्या राहू नका."

दहा. "आणखी दोघं आलेत. एक म्हातारा, एक त्याची बायको. म्हातारा दार धरतो, ती स्क्रू देते. कुत्रंही आहे. बसलंय, शिस्तीत."

साडेअकरा. "चौदा. जेवला नाहीये."

"डबा पाठवू?"

"मी दिला. तू काय समजतेस मला?"

दोन. "तेवीस. शीळ वाजवतोय. बेसूर आहे."

बेसूर आहे म्हणाल्या तेव्हा मी फोन कानापासून लांब धरला, रडताना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांना ऐकू गेलंच. "वर्गात रडायचं नाही," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चार. "एकतीस."

साडेपाच. "झालं. एकोणचाळीस."

"चाळीस, बाई."

"एकोणचाळीस. मला मोजता येतं. एक ठेवलंय त्याने. मी म्हटलं, अरे, एक राहिलं. तो म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, तपासणीचं काय? म्हणाला, त्या खोलीतली खाट मी हलवलीय, आता आपटत नाही. मी बघून आले. नाही आपटत."

"कुठली खोली?"

"नंबर लिहून घेतला नाही. चष्मा घरी राहिला."

चाळीस वर्षं वर्ग चालवला आणि नेमका आज चष्मा घरी.

३० नोव्हेंबर

ताई,

सकाळी नऊला फाटक उघडलं. तपासणीवाले त्याआधीच येऊन सही करून गेले. चूक काढली नाही. पहिल्या तासात अठ्ठावीस जण आले. म्हाताऱ्याने आणि त्याच्या बायकोने तीन नंबर घेतला, कुत्र्यासकट. साहेब आले होते. त्यांनी प्रत्येक दार दोनदा उघडून पाहिलं. खिडकी बरोबर आहे.

पत्रं सगळी वाचली. वाचनालयाच्या बाईंना सांगितलं तरी चालेल.

मी सतरा नंबर घेतला. दार तू काढलं होतंस तसंच ठेवलंय, आत उघडणारं. खाट मागच्या भिंतीला लावली. मुख्याध्यापिका बाई आल्या, त्यांना मागे सरावं लागलं नाही. सरळ आत आल्या आणि खाटेवर बसल्या.

दार खालून थोडं घासतंय. रंधा घेऊन ये.